अठरा वर्षांनंतर काय? बौद्धिक दिव्यांग प्रौढांचे हक्क आणि वस्तीचा आधार

अठराव्या वर्षी शाळा संपते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ या वयात मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यानंतर विशेष शाळेची गाडी दारात यायची थांबते. कायद्याने प्रौढ झालेला तो मुलगा किंवा ती मुलगी घरी बसते. आई धुण्याभांड्याच्या कामाला गेली की दाराला बाहेरून कडी. दुपारभर टीव्ही. संध्याकाळी विहारासमोरचा कट्टा, आणि त्या कट्ट्यावर त्याला नाचायला लावून मोबाइलवर व्हिडिओ काढणारी आपलीच पोरे. पंचविशी जाते, पस्तिशी जाते. आईवडील थकत जातात आणि त्यांचा एकच प्रश्न उरतो: आमच्यानंतर याचे काय?

लहान दिव्यांग मुलांबद्दल बरेच लिहिले-बोलले जाते. प्रौढांबद्दल फार कमी. शिबिरे, वाटप, सत्कार हे सगळे मुलांभोवती होते. चाळीस वर्षांच्या, दाढी पांढरी होत चाललेल्या माणसाला बिस्किटचा पुडा देताना कोणी फोटो काढत नाही. त्याच्या घरच्यांना नेमके काय मिळू शकते, कायदा काय सांगतो आणि वस्तीतल्या तरुणांच्या हातात काय आहे, याची माहिती एका जागी असावी म्हणून हा लेख.

कोणाबद्दल बोलतो आहोत

बौद्धिक दिव्यांगत्व म्हणजे समजणे, शिकणे, हिशेब लावणे आणि रोजचे व्यवहार करणे यांत लहानपणापासून असलेली मर्यादा. हा आजार नाही, म्हणून गोळीने बरा होत नाही. मनोरुग्णता वेगळी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक दिव्यांगत्व स्पष्टपणे वगळलेले आहे. वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, जिला आपण डिस्लेक्सिया म्हणतो, तीही वेगळी. तिथे बुद्धी सर्वसाधारण असते. तिन्ही गोष्टींना वस्तीत एकच शब्द वापरला जातो, 'वेडा', आणि तिथेच निम्मी गडबड होते. घरचे लोक शाळेऐवजी मांत्रिकाकडे किंवा मनोरुग्णालयात जातात.

'मतिमंद' हा शब्द अजून जुन्या दाखल्यांवर आणि संस्थांच्या पाट्यांवर दिसतो. कागदावर लागेल तिथे लागेल, पण माणसासमोर तो उच्चारू नये. माणसाला त्याच्या नावाने हाक मारावी. पूर्ण वाढ झालेल्या माणसाला 'बाळ', 'पिल्लू' म्हणणेही टाळावे. वयाने मोठा असेल तर दादा म्हणा, ताई म्हणा.

कारणे अनेक असतात. डाऊन सिंड्रोमसारखी जनुकीय कारणे, प्रसूतीच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची वेळेवर उपचार न झालेली कावीळ, लहानपणी मेंदूला झालेला संसर्ग, गरोदरपणात आयोडीनची कमतरता. यातली काही चांगल्या दवाखान्याने टळू शकतात. म्हणजे दवाखाना कुणाच्या वस्तीजवळ आहे, हा प्रश्नही यात येतो. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले. त्यात बौद्धिक दिव्यांग सुमारे १५ लाख. सर्व प्रकारचे दिव्यांगत्व धरले तर अनुसूचित जातींत हे प्रमाण २.४५ टक्के होते आणि देशाची सरासरी २.२१ टक्के. फरक आकड्यात लहान दिसतो, पण तो कुठून येतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

'मागच्या जन्मीचे भोग' हे उत्तर मात्र बौद्ध घरात ऐकू येऊ नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माने या जन्मीचे दुःख ठरते हा सिद्धांत नाकारला आहे. तरीही मूल मंद आहे म्हटल्यावर आईला पहिला टोमणा याच धर्तीचा बसतो, आणि तो पुष्कळदा पंचशील म्हणणाऱ्या तोंडातूनच येतो.

यादीतून वगळलेला भिक्खू

धम्मपदाच्या अट्ठकथेत चूळपंथकाची कथा येते. राजगृहातल्या एका श्रीमंत श्रेष्ठीची मुलगी घरातल्या दासाबरोबर निघून गेली आणि तिची दोन मुले प्रवासात, वाटेवर जन्मली. म्हणून दोघांचे नाव पंथक. थोरला महापंथक हुशार. तो संघात आला, अर्हत झाला आणि त्याने धाकट्यालाही प्रव्रज्या दिली. धाकट्याला मात्र चार महिन्यांत चार ओळींची एक गाथा पाठ होईना. पुढची ओळ शिकली की मागची विसरायची. शेवटी थोरल्याने त्याला सांगितले, तुला हे जमणार नाही, घरी जा.

तेव्हा भोजनाच्या निमंत्रणांचे काम महापंथकाकडे होते. जीवक वैद्याने दुसऱ्या दिवशीसाठी बुद्धांना आणि भिक्खूसंघाला बोलावले. महापंथकाने सगळ्यांसाठी निमंत्रण स्वीकारले, एकट्या चूळपंथकाला सोडून. पहाटे तो संघ सोडून निघाला असता बुद्ध त्याला वाटेत भेटले. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, त्याला परत आणले आणि स्वच्छ कापडाचा एक तुकडा हातात दिला. पाठांतर नाही. हे कापड चोळत राहा आणि 'रजोहरणं', म्हणजे मळ दूर करणे, एवढेच म्हणत राहा. कापड हळूहळू मळले. जे आता स्वच्छ होते ते बदलले, हे त्याने स्वतःच्या हाताने पाहिले आणि अनित्यता त्याला त्या मळलेल्या कापडातून कळली.

इकडे जीवकाच्या घरी वाढायची वेळ झाली तेव्हा बुद्धांनी भिक्षापात्रावर हात ठेवला आणि विचारले, विहारात आणखी कोणी भिक्खू राहिले आहेत का? महापंथक म्हणाला, कोणी नाही. बुद्ध म्हणाले, आहेत. माणूस पाठवला गेला, चूळपंथकाला आणले गेले आणि मग जेवण झाले. जेवणानंतर अनुमोदनाचा धम्मोपदेशही त्यालाच करायला सांगितला. (अट्ठकथेत पुढे चमत्काराचा भाग आहे आणि त्याच्या मंदपणाचे कारण म्हणून पूर्वजन्मीचे कर्मही जोडलेले आहे. ते बाजूला ठेवायला बौद्ध तरुणाला अडचण नसावी.)

ही कथा आपल्याकडे प्रवचनात 'प्रयत्नाने सर्व साध्य होते' अशी सांगितली जाते. मला त्यातल्या दोन गोष्टी अधिक मोलाच्या वाटतात. शिकवायची पद्धत बदलली: तोंडपाठ करण्याऐवजी हाताने करायचे काम दिले. आज विशेष शिक्षक नेमके हेच करतात. दुसरी गोष्ट, नाव यादीतून गळले होते आणि ते परत यादीत येईपर्यंत वाढप थांबले. वाईट वागणारा कोणी परका नव्हता, सख्खा भाऊ होता, स्वतः अर्हत होता. घरातली आणि संघटनेतली चांगली माणसेच यादी करताना नावे गाळतात.

कागदपत्रे: कोणते, कुठे, कशासाठी

सगळ्याची सुरुवात दिव्यांग प्रमाणपत्र आणि युडीआयडी कार्डापासून होते. अर्ज ऑनलाइन करायचा, तपासणी जिल्हा रुग्णालयात किंवा नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात. बौद्धिक दिव्यांगत्वासाठी बुद्धिमत्ता आणि रोजच्या जीवनातली कौशल्ये तपासली जातात. सौम्य असेल तर ५० टक्के, मध्यम ७५, तीव्र ९० आणि अतितीव्र १०० टक्के असे प्रमाण धरले जाते. म्हणजे सौम्य गटातली व्यक्तीसुद्धा ४० टक्क्यांच्या अटीत बसते. 'आमचा तेवढा नाही, स्वतःचे स्वतः करतो' म्हणून अनेक घरे प्रमाणपत्रच काढत नाहीत. पस्तिशीत आई गेल्यावर धावपळ सुरू होते, आणि तेव्हा लहानपणीची माहिती सांगणारे कोणी उरलेले नसते. तपासणीला जाताना शाळेचा दाखला, जुने केसपेपर, जन्माच्या वेळचे काही असेल ते बरोबर घ्यावे. तपासणी ठरावीक दिवशी असते, आधी विचारून जावे. हातावर पोट असलेल्या घराचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी.

दुसरा कागद कायदेशीर पालकत्वाचा. मूल अठरा वर्षांचे झाले की आईवडीलही आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. ही गोष्ट बहुतेकांना बँकेच्या खिडकीवर पहिल्यांदा कळते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व या चार प्रकारांसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम १९९९ आहे. त्याखाली जिल्ह्यात स्थानिक स्तरीय समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, एक नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था तिच्याकडे अर्ज करू शकते. कोर्टात जावे लागत नाही. पालक झालेल्याने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी समितीला द्यायची आणि दरवर्षी हिशेब द्यायचा. पालक छळ करत असेल किंवा पैसा खात असेल तर समिती त्याला काढू शकते. वडिलोपार्जित घरातला मंद भावाचा हिस्सा गुपचूप स्वतःच्या नावावर करणारे भाऊ कुठे नाहीत? ही तरतूद त्यांच्यासाठी आहे.

मात्र प्रत्येकाला पूर्ण पालक लागतोच असे नाही. २०१६ च्या कायद्याचे कलम १३ दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकीच कायदेशीर क्षमता मान्य करते आणि कलम १४ मध्ये मर्यादित पालकत्वाची कल्पना आहे: ठरावीक निर्णयापुरते, ठरावीक काळापुरते, आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार दोघांनी मिळून घेतलेला निर्णय. सौम्य गटातल्या अनेकांना बँकेत बरोबर येणारा एक विश्वासू माणूस पुरेसा असतो.

पैशाच्या योजनांत पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. १८ ते ६५ वयाच्या, ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तीला तहसील कार्यालयातून मिळते. दिव्यांगांसाठी कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे. अनुदान दरमहा १,५०० रुपये होते. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ते २,५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला. हयातीचा दाखला वेळेवर दिला नाही की पैसे थांबतात आणि 'बंद झाली योजना' म्हणून घरचे गप्प बसतात. दुसरी राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत. वयाची अट नाही, आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही, आणि बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचाही खर्च त्यात बसतो. पण दरवर्षी नूतनीकरण करावे लागते.

तिसरी गोष्ट नोकरदार घरांसाठी. रेल्वे, पालिका, टपाल, शाळा, एसटी अशा नोकऱ्यांत आपली पिढी गेली. सरकारी कर्मचाऱ्याचे अपत्य दिव्यांगत्वामुळे स्वतः कमावू शकत नसेल तर नियमात बसणाऱ्या अशा अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकते. खासगी नोकरीतल्या कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मध्येही कायमस्वरूपी पूर्ण दिव्यांग अपत्याला वयाची अट न लावता पेन्शनची तरतूद आहे. वडील नोकरीत असतानाच अपत्याचे नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयाच्या नोंदीत घालून घेतले तर पुढचे सोपे जाते. ते गेल्यावर हे सिद्ध करणे फार कठीण. आणि हेही लक्षात ठेवावे की कंत्राटी सफाई कामगाराच्या घरात यातले बहुतेक काही लागू होत नाही. एकाच गल्लीत, एकाच अवस्थेतल्या दोन माणसांचे म्हातारपण बापाच्या नेमणूकपत्रावरून ठरते.

ग्रामपंचायत, नगरपालिका आणि महापालिकेने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेत उभे राहून 'गेल्या वर्षी हा निधी किती होता आणि कशावर गेला' एवढे विचारले तरी पुरे. उत्तर नाही मिळाले तर माहितीचा अधिकार आहेच. कलम ३७ नुसार गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या योजनांत ५ टक्के आरक्षण आहे, म्हणून रमाई आवासच्या यादीबद्दलही हाच प्रश्न विचारता येतो. सरकारी नोकऱ्यांतल्या ४ टक्के दिव्यांग आरक्षणापैकी १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यासाठी आहे. एकट्याने प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग व्यक्तीला आणि तिच्या सोबत्याला रेल्वेत साध्या वर्गाच्या भाड्यात ७५ टक्के सवलत मिळते.

मतदार यादीचेही पाहावे. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवले असेल तरच नाव वगळता येते. बौद्धिक दिव्यांगत्व आहे एवढ्यावरून मत जात नाही. बाबासाहेबांनी मिळवून दिलेला हा हक्क घरचेच 'त्याला काय कळते' म्हणून बुडवतात.

दिवसभर काय करायचे

योजना मिळाल्या तरी दिवस तसाच ओट्यावर जातो. माणसाला काम लागते, ओळख लागते, घराबाहेर पडायला कारण लागते.

केरळमध्ये यावर एक उत्तर सापडले आहे. २००४ साली तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर ग्रामपंचायतीत बौद्धिक दिव्यांगांसाठी 'बड्स' शाळा सुरू झाली. पुढे कुटुंबश्री या महिलांच्या जाळ्यामार्फत ती राज्यभर पसरली आणि १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी बड्स पुनर्वसन केंद्रे निघाली. केंद्र पंचायत चालवते. सकाळी जायचे, तिथे काहीतरी बनवायचे, दुपारी जेवायचे, संध्याकाळी घरी. आईला तेवढे तास मोकळे मिळतात, ती कामावर जाऊ शकते. याचे मर्म असे की माणूस आपल्या गावातच राहतो. त्याला दूरच्या वसतिगृहात टाकावे लागत नाही.

महाराष्ट्रात काम झाले ते बहुतेक संस्था आणि पालकांच्या बळावर. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासूनची. डोंबिवलीजवळ खोणी इथे पालकांनीच एकत्र येऊन प्रौढांसाठी घरकुल उभे केले. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झर इथे शंकरबाबा पापळकरांनी शंभराहून अधिक बेवारस दिव्यांगांना स्वतःचे आडनाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, पण त्यांची जुनी मागणी त्याहून महत्त्वाची आहे: बालगृहातल्या अनाथ दिव्यांग मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून बाहेर काढू नये, त्याच्या आजीवन पुनर्वसनाचा कायदा करावा. लेखाच्या सुरुवातीला जी शाळेची गाडी थांबली, तिचीच ही अनाथांच्या बाबतीतली दुसरी बाजू आहे.

या सगळ्या संस्था मोठ्या आणि थोड्या आहेत. वस्तीत तेवढे उभे करता येणार नाही, पण बहुतेक वस्त्यांत विहार आहे आणि आठवड्याचे पाच दिवस सकाळी ते रिकामे असते. दहा ते एक या वेळात चार-सहा प्रौढांना एकत्र बसवायला सतरंजी, पाणी, स्वच्छ संडास आणि दोन जबाबदार माणसे लागतात. त्यातली एक स्त्री असावी. सुरुवातीला महिन्यातून एकदा जवळच्या विशेष शाळेतल्या शिक्षकाला बोलावून काय शिकवायचे ते समजून घ्यावे. नवी मुंबईत बौद्धिक दिव्यांगत्वाच्या राष्ट्रीय संस्थेचे प्रादेशिक केंद्र आहे, तिथे प्रशिक्षण आणि साहित्य मिळते.

काम काय द्यायचे? कागदी पिशव्या, उदबत्ती, फिनाइल, पणत्या ही ठरलेली यादी आहे आणि मला ती थोडी कंटाळवाणी वाटते. आधी माणसाला विचारावे. एकाला झाडांना पाणी घालायला आवडते, दुसऱ्याला चपला ओळीत लावायला, तिसरीला पोळ्या लाटायला. विहाराची झाडलोट, मेणबत्त्या-फुलांची मांडणी, वर्षावासात येणाऱ्यांना पाणी देणे ही कामे लोकांच्या नजरेसमोर होतात. तिथे माणूस ओळखला जातो. फक्त घाण काम त्याच्याकडे ढकलू नये. संडास धुवायला नेहमी तोच, असे झाले तर आपण जातीची रीतच पुन्हा सुरू केली. आणि विक्रीचे काम असेल तर पैसे त्याच्या हातात मिळाले पाहिजेत, थोडे का असेनात.

शिकवताना काम तुकड्यांत तोडावे. चहा करायला शिकवायचा तर पहिले आठ दिवस फक्त पातेले घेणे आणि कपाने पाणी मोजणे. आपण करून दाखवावे, मग बरोबर करावे, मग नुसते बघत बसावे. सूचना एका वेळी एकच. चित्रे लावावीत. चूळपंथकाला मिळाला तसा कापडाचा तुकडा प्रत्येकासाठी शोधावा लागतो, आणि तो शोधायला वेळ लागतो.

त्याचे शरीर, त्याचा निर्णय

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुली आणि स्त्रियांवर पुण्याच्या सरकारी रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पाळीची स्वच्छता राखता येत नाही, हे कारण दिले गेले. स्त्री संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या थांबल्या. त्या स्त्रियांना कोणी विचारले नव्हते. २००९ साली सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंदीगड प्रशासन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर एक अनाथ, सौम्य बौद्धिक दिव्यांग तरुणी होती. सरकारी आश्रयगृहात तिच्यावर बलात्कार झाला होता आणि प्रशासनाला गर्भपात करायचा होता. तिला मूल हवे होते. न्यायालयाने तिची संमती महत्त्वाची मानली आणि गर्भपाताला नकार दिला. पाळी, लैंगिकता, लग्न यांबद्दल आपल्या घरांत बोललेच जात नाही, आणि या व्यक्तींच्या बाबतीत तर अजिबात नाही. पण नको तो स्पर्श ओळखणे, 'नाही' म्हणणे, कोणाला सांगायचे हे त्यांना शिकवता येते. पॅड बदलणेही शिकवता येते, चहासारखेच, तुकड्यांत.

छळ झाला तर कलम ९२ आहे. दिव्यांग व्यक्तीचा सार्वजनिक दृष्टिपथात हेतुपुरस्सर अपमान करणे किंवा धाक दाखवणे, मारहाण करणे, ताब्यात असताना जाणूनबुजून अन्न-पाणी न देणे, दिव्यांग स्त्रीवर असलेल्या वर्चस्वाचा लैंगिक शोषणासाठी वापर करणे, यांना सहा महिने ते पाच वर्षे कैद आणि दंड. अपमानाच्या कलमाचे शब्द वाचताना अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम ३(१)(आर) ज्यांना पाठ आहे त्यांना ओळख पटेल. 'सार्वजनिक दृष्टिपथात' ही अट दोन्हीकडे आहे. आरोपी सवर्ण असेल तर दोन्ही कायदे लावण्याचा आग्रह धरावा. आरोपी आपल्यातलाच असेल तर अॅट्रॉसिटी लागत नाही, कलम ९२ लागते. कट्ट्यावरचा तो व्हिडिओ या कलमाखाली येऊ शकतो, हे काढणाऱ्यांना एकदा सांगून ठेवावे.

लैंगिक अत्याचाराची तक्रार असेल तर बौद्धिक दिव्यांग स्त्रीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या ठिकाणी, विशेष शिक्षक किंवा दुभाष्याच्या उपस्थितीत आणि चित्रीकरण करून घ्यायचा, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत सांगितले आहे. पोलीस ठाण्यात हे कलम छापून न्यावे. 'तिला काय कळते, ती काय सांगणार' हे वाक्य तिथे हमखास ऐकायला मिळते.

कोण, कधी, काय

संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये दिव्यांगत्वाच्या स्थितीत सार्वजनिक साहाय्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे, म्हणून वस्तीने केले म्हणजे सरकार सुटले असे नाही. दोन्ही लागते. वस्तीचे काम लहान आहे पण रोजचे आहे.

१४ एप्रिलच्या वर्गणीसाठी आपण प्रत्येक दार ठोठावतो. पावती पुस्तकाबरोबर एक वही ठेवावी आणि घरात अठरा वर्षांवरची बौद्धिक दिव्यांग व्यक्ती आहे का, तिच्याकडे कोणते कागद आहेत, हे विचारून लिहावे. पहिल्या खेपेला काही घरे 'नाही' म्हणतील, कारण बहिणीचे लग्न ठरायचे असते. पुन्हा जावे, एखाद्या वयस्क उपासिकेला बरोबर घेऊन. नोंदी गुपित ठेवाव्यात; नावे व्हॉट्सअॅप गटात टाकू नयेत.

मग प्रत्येक व्यक्तीमागे चार-पाच माणसांचे छोटे वर्तुळ करावे. एक भाऊ किंवा बहीण, एक शेजारीण, एक कागदपत्रे समजणारा तरुण, एक त्याचा खरोखरचा मित्र. त्याला स्वतःलाही या बैठकीत बसवावे. महिन्यातून एकदा अर्धा तास. एक जण गाव सोडून गेला तर दुसरा यावा, एकट्यावर भार नको. भावंडांना लहानपणापासून 'तुलाच बघायचे आहे' म्हणून धाक घातला जातो आणि ती पळतात. भार वाटून घेतला तर ती थांबतात, असे मी दोन घरांत पाहिले आहे.

या वर्तुळाचे पहिले काम फाइल. प्लॅस्टिकच्या साध्या फाइलमध्ये युडीआयडी कार्डाची प्रत, आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, पालकत्वाचा आदेश, निरामयचे कार्ड, औषधांची नावे आणि वेळा, फिट येत असतील तर काय करायचे ते. आणि शेवटचे एक पान आईने सांगायचे, कोणीतरी लिहून घ्यायचे: त्याला चहा किती गोड लागतो, कोणत्या आवाजाला तो घाबरतो, राग आला की कोणाचे ऐकतो, रात्री झोपताना दिवा चालू लागतो की बंद.